माडीवरची मॅडम

सासूनं कधी आणला नाही, नवऱ्यानं कधी आणला नाही, आठ-आठ दिवस तोंड न दाखवणाऱ्या नळानंही कधी आणला नाही, एवढा राग मला जन्मात एकाच माणसानं आणला, आणि ते माणूस खास त्यासाठीच सात समुद्र ओलांडून मानवतला आलं होतं असं माझं अजूनही मत आहे. आमच्या माडीवर दोन वर्षं भाड्यानं राहिलेली परदेशी बाई. गावातल्या एका शाळेनं मुलांना इंग्रजी बोलायला शिकवण्यासाठी तिला आणलं होतं. तोंडावर मी तिला मॅडम म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मनात मात्र ती 'ती'च होती, आणि मनात मी तिला जे जे बोलले आहे ते मोठ्यानं बोलले असते तर अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर गोळा झाली असती. पण चार माणसांत माझ्या घशाला कुलूप लागतं. म्हणून ते आता इथं लिहिते.

ती हंगेरी नावाच्या देशातली. हा देश कुठं आहे हे आमच्याकडं कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं प्रत्येकानं तो आपापल्या सोयीनं कुठंतरी ठेवून दिला. आमचे हे जिनिंगवर कापसाच्या गाड्यांचा काटा बघतात. त्यांनी तो अमेरिकेत ठेवला. शाळेनं तर तो थेट इंग्लंडात नेला आणि फाटकावरच्या बोर्डावर तिचा हसरा फोटो लावून खाली लिहिलं, 'इंग्रजी शिका साक्षात इंग्रजांकडून'. पुढं तिला मराठी वाचता यायला लागलं तेव्हा ती त्या बोर्डापुढं बराच वेळ उभी राहिली आणि भर रस्त्यात म्हणाली, "हे खोटं हाय. मी पन इंग्रजी शाळंतच शिकले, पोरांसारकी." शाळेनं बोर्ड काही काढला नाही. उलट जिथं जिथं फीत कापायची तिथं तिला न्यायला लागले. रसवंतीचं उद्घाटन, मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन, एकदा तर पिठाच्या गिरणीचं. एप्रिलच्या उन्हात पाहुणे येईपर्यंत तासभर उभी करायचे, गळ्यात झेंडूचा हार, चेहरा टोमॅटोसारखा लाल. नारळ मात्र ती एका फटक्यात फोडायची. तिच्यावर चिडायचा हक्क माझा होता, मी तिला माझी माडी झाडून दिली होती. पण तिला उन्हात उभं करायचा हक्क त्या लोकांना कोणी दिला होता? घरी आली की माझ्या माठातलं तीन तांबे पाणी प्यायची आणि प्रत्येक तांब्याला म्हणायची, "धन्यवाद."

हे धन्यवाद माझ्या डोक्यात जायचं. पाणी दिलं, धन्यवाद. भाकरी वाढली, धन्यवाद. दुसरी भाकरी वाढली, पुन्हा धन्यवाद. अहो, घरातल्या माणसाला कोणी धन्यवाद म्हणतं का? आभार मानतात ते परक्याचे, मंडपात, माइकवर. दर वेळी मला वाटायचं, ही मला उंबऱ्याबाहेर काढून उभी करते. एकदा मी सगळं बळ एकवटून म्हणाले, "मॅडम, आमच्यात असं म्हणत न्हाईत." तिनं विचारलं, "मग काय म्हणतात?" मी विचार केला. आमच्यात काहीच म्हणत नाहीत. तसं सांगितलं. ती खूश झाली आणि म्हणाली, "सांगितल्याबद्दल धन्यवाद."

मराठी ती आमच्या गल्लीत ऐकून शिकली. शिकण्याची तिची रीत अशी की जे कानावर पडेल ते उचलायचं आणि लगेच वापरायचं. आमचे हे मला 'अगं' म्हणतात, मी ह्यांना 'अहो' म्हणते. तिला वाटलं हीच आमची नावं. मग काय विचारता! पहिला महिनाभर सकाळी माडीवरून हाक यायची, "अगं! पानी आलं का?" आणि मी उत्तर दिलं नाही की त्याहून मोठ्यानं, "अहो! ओ अहो! खाली हाव का?" माझा नवरा, आणि भर गल्लीत एक परकी बाई त्याला अहो म्हणते! शेजारच्या बायका दारात येऊन पदरात तोंड घालून हसायच्या. ह्यांना मी म्हटलं, "तिला तुमचं नाव सांगा." तर हे म्हणतात, "राहू दे गं, गोड वाटतं." त्या दिवशी ह्यांना मी कोरडी भाकरी वाढली. खरं नाव पुढं कोमलनं, माझ्या मुलीनं, तिला सांगितलं. पण मी तिची 'अगं' ती 'अगं'च राहिले, फक्त त्यापुढं एक ताई लागली. "अगं ताई." हे तरी काय कमी!

आणि आमंत्रणं. आमच्यात रस्त्यात कोणी भेटलं की "या की एकदा घरी" म्हणायचं असतं. समोरच्यानं "येऊ की" म्हणायचं असतं, आणि दोघांनी आपापल्या वाटेनं जायचं असतं. हिला कोणी "या" म्हटलं की ही जागच्या जागी थांबून विचारायची, "कधी?" माणूस गडबडून म्हणायचा, "कधीबी या." मग ती त्याच संध्याकाळी जायची. अशी तिनं आमच्या गल्लीतली सगळी घरं, मग मागची गल्ली, मग बाजाराकडची अर्धी आळी पालथी घातली. कोणाच्या घरी केस धुणं चाललेलं, कोणाच्या घरी भांडण. ही चपला काढून आत, मांडी घालून खाली. बायकांनीही तिला सोडलं नाही. एकीनं विचारलं, "मॅडम, तुमचे मालक कुठं असतात?" ती म्हणाली, "हाय. पन दुसरीकडं हाय." "दुसरीकडं म्हंजी नोकरीला?" "न्हाई. दुसऱ्या बाईकडं." असं चहाच्या कपातून तोंडही न काढता सांगितलं म्हणे! आम्ही असल्या गोष्टी चुलीलासुद्धा ऐकू देत नाही. मला ते कळलं तेव्हा मी फार चिडले. अशा गोष्टी कोणाच्याही घरात सांगायच्या असतात का? सांगायच्याच होत्या तर खाली मी होते.

तिखटाचं सांगायलाच पाहिजे. ती आली तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो की गोऱ्या माणसाला मिरची सोसत नाही. पहिल्या दिवशी मी वरणात मिरचीच घातली नाही. तिनं ताटातला ठेचा बघितला, भाकरीवर घेतला, खाल्ला आणि म्हणाली, "आमच्याकडं पन हाय." तिच्या देशात म्हणे मिरची एवढी पिकते की लोक तिच्याशिवाय जेवणाची गोष्टच करत नाहीत. इथवर ठीक होतं. पण उन्हाळ्यात मी वर्षाच्या तिखटासाठी लाल मिरच्या गच्चीवर वाळत टाकल्या आणि दोन दिवस माहेरी गेले. परत आले तर रिक्षावाला आमच्या दारापर्यंत यायला तयार होईना. बघते तर काय, माझ्या सगळ्या मिरच्या सुई-दोऱ्यानं ओवून, हातहातभर माळा करून, तिनं घराच्या दर्शनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत टांगलेल्या. आमच्याकडं दाराला एक लिंबू आणि चार-पाच मिरच्या टांगतात, नजर लागू नये म्हणून. आता पाच मिरच्यांनी साधी नजर जाते, तर जिथं अख्खी भिंत मिरच्यांनी भरली आहे त्या घराला काय झालं असेल? गल्लीत दोन दिवस हीच चर्चा. एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "बाई, एवढं कोन उलटलंय गं तुमच्यावर?" ह्यांनी शिडी लावून माळा उतरवल्या. ती खाली उभी राहून बघत होती. "आमच्याकडं परतेक घरावर असतात. लांबून लाल दिसतं," एवढंच म्हणाली आणि वर गेली. मला बोलायचं होतं ते तसंच राहिलं. त्या मिरच्या मात्र एकसारख्या वाळल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे. मी ते तिला कबूल केलं नाही.

पण हे सगळं मी पोटात घातलं. जे पोटात मावलं नाही ते आमच्या कोमलच्या पाहुण्यांचं.

कोमल बी.ए. झाली होती. त्याआधी दोन ठिकाणचे पाहुणे येऊन पोहे खाऊन "कळवतो" म्हणून गेले होते आणि कळवलं नव्हतं. दुसऱ्या वेळेनंतर पोरगी आरशासमोर जायची थांबली होती. अशात पूर्णेचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, क्वार्टर मिळालेलं, आई-वडील त्याच्याजवळच. घर माळकरी. असं स्थळ आमच्यासारख्याच्या दारी दोनदा येत नाही. मी आठ दिवस आधीपासून देवाला सांगत होते. मॅडमला खाली बोलवू नका असं मी ह्यांना बजावलं होतं. पण ह्यांचं वेगळंच. "फॉरेनची बाई आपल्याकडं राहती म्हनल्यावर पाहुन्यांवर वजन पडतं," म्हणून त्यांनीच तिला खुर्चीवर आणून बसवलं. ती शाळेतून तशीच आली होती, बोटांना खडू.

पाहुण्यांनी रीतीप्रमाणं सगळं विचारलं. पूर्ण नाव सांग बाळ. शिक्षण किती? स्वयंपाक येतो का? पुरणाची पोळी? जरा दारापर्यंत चालून दाखव. कोमलनं सगळं नीट केलं. मी पडद्याआड श्वास धरून उभी. मुलाचे वडील ह्यांच्याकडं बघून मान हलवायला लागले, आणि मला वाटलं, झालं, जमलं. तेवढ्यात खुर्चीतून टाळी वाजली.

"छान! आता मुलगा."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिच्या वर्गात म्हणे तसंच असतं. दोघांना समोरासमोर उभं करायचं, आधी एकाला प्रश्न, मग दुसऱ्याला. तिला वाटलं, अर्धाच धडा झालाय. ती मुलाला म्हणाली, "उभा राहा. पूर्ण नाव सांग."

आणि तो मुलगा उभा राहिला! हात मागं बांधून, पाठ ताठ करून, वडिलांच्या नावासकट सगळं नाव सांगितलं.

"स्वयंपाक येतो का?"

"थोडा, मॅडम."

"भाकरी?"

"न्हाई, मॅडम."

"मग काय येतं?"

"खिचडी," तो म्हणाला. वर्गात एकच उत्तर दिलं तर मार्क कापतात असं वाटलं असेल बिचाऱ्याला, त्यानं आणखी आठवून सांगितलं, "आनि अंड्याची पोळी."

वडिलांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. "अंड्याची? कुठं खातूस रं तू अंडी?" मुलगा खाली बघायला लागला. तिनं मात्र वडिलांना हातानं थांबवलं, धडा तिचा होता ना! "थांबा. बराबर सांगितलं त्यानं. आता दारापर्यंत चालून दाखव."

तो चालत दारापर्यंत गेला. वडील उठले आणि म्हणाले, "चल. आता आसाच चल भाईर." बाकीचेही उठले. मुलाच्या आईनं तेवढं जाता जाता "कळवतो" म्हटलं. पोहे तसेच राहिले.

मी त्या दिवशी भांडी अशी घासली की एका पातेल्याला पोचा आला. काय काय बोलायचं होतं मला! तुम्हाला लेक असती तर कळलं असतं, हेसुद्धा मी मनात बोलून घेतलं. मग आठवलं की तिला मूलबाळ नाही, आणि स्वतःवरही चिडले. ह्यांच्यावर चिडले, की वजन पाडायला निघाले होते. तिच्या भाजीत मुद्दाम मीठ जास्त घातलं, तर ताट परत देताना ती म्हणाली, "आज भाजी लय छान." आणि कोमल? मला वाटलं ती तरी माझ्या बाजूनं चिडेल. ती चिडलीच होती, पण रात्रीच्या भाकरी करताना हळूच म्हणाली, "आई, तो उभा राह्यला गं. कोन उठतं आसं?" स्थळ गेलं ते गेलं, पोरीच्या मनात तो मुलगा बसून राहिला होता.

कोमल माडीवर जायची बंद झाली. रोज संध्याकाळी दोघी इंग्रजीत बडबड करायच्या, ती थांबली. चौथ्या-पाचव्या दिवशी मॅडम खाली आली, माझ्यासमोर उभी राहिली. "अगं ताई, माझं काय चुकलं?" आता बोलायची वेळ होती. सगळं तोंडपाठ होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "काय न्हाई मॅडम. चहा टाकू का?" मग तिनं ह्यांना विचारलं. ह्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं.

रविवारी सकाळी माडीला कुलूप. संध्याकाळ झाली, दिवे लागले, बाईचा पत्ता नाही. फोन लागेना. परदेशी माणूस भाड्यानं ठेवल्याचा कागद आम्ही पोलिसांत दिलेला, ह्यांची सही त्यावर. ह्यांना घाम फुटला. आणि सोमवारी दुपारी ही बाई रिक्षातून उतरली, हातात लोणच्याची बरणी. म्हणाली, "पूर्णेला गेल्ते. त्यांनी राहा म्हनलं, मंग राह्यले."

मुलीकडचं माणूस, न बोलावता, मुलाच्या दारात! आमच्यात असं घडलं तर त्याचा अर्थ एकच होतो: पोरगी खपत नाही म्हणून पाय धरायला आले. आणि त्यांनी रीतीचं म्हणून "राहा की आज" म्हटलं असणार, तर ही राहिली! आता उरलीसुरली अब्रूही पूर्णेच्या प्लॅटफॉर्मवर सांडून आली. त्या रात्री मी देवासमोर दिवा लावला पण मागितलं काहीच नाही. काय मागायचं राहिलं होतं?

पुढच्या आठवड्यात मुलाचे आई-वडील आले. दोघंच. मला वाटलं बोल लावायला आले. मुलाची आई आत स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन पाटावर बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई गं! सकाळच्या गाडीनं आली. दारात हुबी राहून म्हनली, माझी चूक, पोरीची न्हाई. आमी बसा म्हनलं, बसली. जेवा म्हनलं, जेवली. राहा म्हनलं तर इचारती, कुठं झोपू? आन् झोपायच्या आधी ह्यांना, माझ्या मालकाला, म्हनती, अंडं कामून नको ते मला समजून सांगा. ह्यांनी दोन तास सांगितलं! सगळं ऐकून घेतलं आन् म्हनली, धन्यवाद, समजलं, पन पोरानं खरं सांगितलं त्याचे मार्क कापू नका."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कसंबसं म्हणाले, "माफ करा, त्या जरा..."

"आवं, माफी कसली?" तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "एका मुक्कामात आमचा जीव मेटाकुटीला आला. तुमी दोन वर्सं काढली! आवाज न्हाई, भांडन न्हाई, वरून ती तुमचंच कौतुक करायली. मी ह्यांना म्हनलं, ज्या घरानं ही बाई संभाळली, त्या घरची लेक आपल्यात डोळे झाकून नांदंल."

बाहेर मुलाचे वडील ह्यांना सांगत होते, अंडं बाहेर काय ते, घरात नाही. कोमल दाराआडून ऐकत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. मी मात्र, खरं सांगते, तेव्हाही चिडले. दोन वर्षं मी जे सोसलं ते त्या बाईनं मला न विचारता पूर्णेला नेऊन माझा चांगुलपणा म्हणून दाखवलं. वर तेच खरं ठरलं!

लग्न मे महिन्यात धरलं. तिची इथं राहायची मुदत एप्रिलअखेर संपली. थांबायची तिनं पुष्कळ खटपट केली, जमलं नाही. जायच्या दिवशी गाडीत सामान चढलं, गल्ली जमली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला तिला दोन गोष्टी बोलायच्या होत्या, एक रागाची आणि एक दुसरी, आणि दोन्ही घशात एकदम आल्या म्हणून एकही बाहेर आली नाही. ती वाकली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ह्या गालाला गाल, त्या गालाला गाल लावला. एवढ्या लोकांसमोर! मला एवढी लाज वाटली की मी रडायचंसुद्धा विसरले. ते नंतर, माडी झाडताना आठवलं.

महिन्याभरात कोमल पूर्णेला गेली. ज्या बाईनं लग्न मोडलं म्हणून मी पातेल्याला पोचा आणला, तिनंच ते जमवलं, आणि जमलं म्हणूनच पोरगी गेली. एका उन्हाळ्यात दोघी. आता ह्याचा राग मी कोणावर काढू? कोमल फोनवर म्हणते, तो आता भाकरी शिकायलाय, पहिलीचा नकाशा झाला. मी हसते. फोन ठेवला की घर पुन्हा तसंच.

माडीवर आता नवरा-बायको राहतात, दोघं बँकेत. वेळेवर येतात, वेळेवर जातात, चहाला या म्हटलं की "येऊ की" म्हणतात आणि येत नाहीत. फार चांगली माणसं. सहा महिने झाले, त्यांच्यावर मला एकदाही राग आला नाही. दुपारी सगळं आवरून झालं की मी जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी जाते, कठड्यावर हात ठेवून उभी राहते. वर काही वाजत नाही. वर जायला काही कारणही सापडत नाही. मग पदरानं कठडा पुसते आणि आत येते.